काशिनाथ घाणेकर

डॉ. काशिनाथ घाणेकर (जन्म : १९३०, चिपळूण, मृत्यू : २ मार्च १९८६, अमरावती) हे मराठी नाट्य-अभिनेते व चित्रपट-अभिनेते होते. शिक्षणाने व व्यवसायाने ते दंतवैद्य होते. वसंत कानेटकर यांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' व 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकांतील संभाजी आणि 'अश्रूंची झाली फुले' या नाटकातील लाल्या या त्यांच्या सर्वाधिक गाजलेल्या भूमिका होत. मराठी रंगभूमीवरील पहिला सुपरस्टार असा त्यांचा उल्लेख केला जातो.

नाटकाच्या जाहिरातीत इतर सर्व कलावंतांची नावे झाल्यावर, 'आणि' या शब्दानंतर घाणेकरांचे नाव येत असे. शेवटचे स्थान म्हणजे कमी महत्त्वाचे स्थान, ही नामावलीविषयीची सर्वसाधारण समजूत या पद्धतीने उलटी केली. त्यांच्या जीवनावरील २०१८ सालच्या मराठी चित्रपटाचे शीर्षकही याच शब्दाने सुरू होते. ठाणे महानगरपालिकेच्या एका नाट्यगृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

सुरुवातीचे जीवन

घाणेकरांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण येथे झाला. पुढे मुंबईत दंतवैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी तो व्यवसाय सुरू केला. नाटकाची ओढ त्यांना आधीपासूनच होती. काही काळ दवाखाना व रंगभूमी अशी दोन्ही कामे त्यांनी सांभाळली. अभिनयात नाव झाल्यावरही त्यांच्या नावामागील 'डॉक्टर' ही उपाधी कायम राहिली. जाहिरातीतही ती छापली जाई आणि नाट्यवर्तुळात त्यांना 'डॉक्टर' म्हणूनच संबोधले जाई.

त्या काळातील मराठी रंगभूमीवर वैद्यकीय पार्श्वभूमीचे एकटे घाणेकरच नव्हते. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेले डॉ. श्रीराम लागू हेही याच काळात पुढे आले. या दोन डॉक्टरांच्या अभिनयशैलीतील फरक हा पुढे मराठी नाट्यरसिकांच्या चर्चेचा एक ठरलेला विषय झाला.

रंगभूमीवरील कारकीर्द

संभाजी

'रायगडाला जेव्हा जाग येते' हे वसंत कानेटकर यांचे ऐतिहासिक नाटक दि गोवा हिंदू असोसिएशन या संस्थेने १९६२ साली रंगमंचावर आणले. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळातील कौटुंबिक कलह हा या नाटकाचा विषय आहे. गादीच्या वारशावरून राजघराण्यात पडलेली फूट आणि तिच्यात होरपळणारे पिता-पुत्राचे नाते त्यात रंगवले आहे. शिवाजी महाराजांची भूमिका मास्टर दत्ताराम यांनी केली, तर संभाजी घाणेकरांनी रंगवला.

त्यापूर्वीच्या मराठी नाटकांत संभाजीची व्यक्तिरेखा अनेकदा विलासी व उच्छृंखल अशी येत असे. राम गणेश गडकरी यांचे 'राजसंन्यास' हे अपुरे नाटक त्याचे ठळक उदाहरण होय. कानेटकरांचा संभाजी याहून वेगळा होता. तो तापट होता, दुखावलेला होता आणि वडिलांच्या मायेसाठी आसुसलेला होता. घाणेकरांची सडपातळ, चपळ देहयष्टी, बोलके डोळे व वेगवान संवादफेक या भूमिकेला अनुकूल ठरली. या एका नाटकाने त्यांना महाराष्ट्रभर ओळख मिळवून दिली.

१९६८ साली आलेल्या 'इथे ओशाळला मृत्यू' या कानेटकरांच्याच नाटकात त्यांनी पुन्हा संभाजीची भूमिका केली. पहिल्या नाटकात वडिलांपुढे स्वतःला सिद्ध करू पाहणारा युवराज होता. या नाटकात औरंगजेबाच्या कैदेत मृत्यूला सामोरा जाणारा छत्रपती होता. औरंगजेबाच्या भूमिकेत प्रभाकर पणशीकर होते.

लाल्या

'अश्रूंची झाली फुले' हे कानेटकरांचे सामाजिक नाटक १९६६ साली पणशीकर यांच्या नाट्यसंपदा या संस्थेने सादर केले. ध्येयवादी प्राचार्य विद्यानंद हे खोट्या आरोपात अडकून तुरुंगात जातात आणि बाहेर आल्यावर गुन्हेगारीकडे वळतात. त्यांचा एकेकाळचा उनाड विद्यार्थी लाल्या मात्र पोलीस अधिकारी होऊन त्यांच्यापुढे उभा राहतो. गुरू व शिष्य यांच्या वाटांची ही अदलाबदल हा नाटकाचा गाभा आहे. विद्यानंदांची भूमिका पणशीकरांनी व लाल्याची भूमिका घाणेकरांनी केली.

नाटकाची मांडणी पाहता मध्यवर्ती पात्र विद्यानंद हे आहे. त्यांचेच अधःपतन आणि त्यांचेच उन्नयन नाटकात घडते. तरीही प्रेक्षकांच्या ओठी लाल्याचे नाव राहिले. त्याच्या प्रवेशाला टाळ्या व शिट्ट्या पडत, त्याचे चालणे-बोलणे तरुण उचलत. भूमिकेची लांबी आणि तिचे प्रेक्षकांवरील वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या नाटकाने दाखवून दिले. जाहिरातीत या दोन नटांची नावे कोणत्या क्रमाने लिहावीत हा प्रश्न त्यामुळे सोपा नव्हता. एक संस्थेचा चालक आणि नाटकातील मुख्य पात्र साकारणारा ज्येष्ठ नट होता, तर दुसऱ्याच्या नावावर तिकीट खिडकीवरची रांग लागत होती.

या नाटकावरून सत्येन बोस यांनी १९६९ साली 'आँसू बन गये फूल' हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. कथेसाठी कानेटकरांना व सहायक अभिनेता म्हणून प्राण यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाले.

इतर नाटके

श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीवरील 'गारंबीचा बापू' या नाटकात घाणेकरांनी बापूची भूमिका केली. कोकणातील गावगाड्याशी एकट्याने झुंजणारा हा नायक मूळच्या चिपळूणकर नटाला परका नव्हता. श्री. ज. जोशी यांच्या कादंबरीवरील 'आनंदी गोपाळ' या नाटकात त्यांनी गोपाळराव जोशी साकारले. पत्नीला शिकवण्याच्या हट्टापायी तिच्याशी कठोर होणाऱ्या या विक्षिप्त माणसात संभाजी वा लाल्यासारखी टाळीची वाक्ये नव्हती. पु. ल. देशपांडे यांच्या 'तुझे आहे तुजपाशी'मध्ये त्यांनी श्यामची भूमिका केली. डोंबिवलीचे रहिवासी असलेले कथाकार व नाटककार शं. ना. नवरे यांनी जयवंत दळवी यांच्या 'महानंदा' या कादंबरीवरून लिहिलेल्या 'गुंतता हृदय हे' या नाटकातही घाणेकर व आशा काळे यांच्या भूमिका होत्या.

चित्रपट

भालजी पेंढारकर यांच्या 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) या चित्रपटात घाणेकरांनी काम केले. त्याच वर्षी राजा परांजपे दिग्दर्शित 'पाठलाग' प्रदर्शित झाला. त्यात ते नायक होते व भावना नायिका होत्या. या रहस्यपटावरून राज खोसला यांनी 'मेरा साया' (१९६६) हा हिंदी चित्रपट केला. 'मधुचंद्र' (१९६७) या राजदत्त यांच्या पहिल्या चित्रपटात ते उमा यांच्यासोबत होते. 'दादी माँ' (१९६६) व 'अभिलाषा' (१९६८) या हिंदी चित्रपटांतही त्यांनी भूमिका केल्या. वसंत जोगळेकर दिग्दर्शित 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) या चित्रपटात आशा काळे त्यांच्या नायिका होत्या. त्यातील हेमंतकुमार व आशा भोसले यांच्या आवाजातील, हृदयनाथ मंगेशकर यांनी संगीतबद्ध केलेले द्वंद्वगीत आजही ऐकले जाते. मात्र चित्रपटांत यश मिळूनही त्यांची ओळख प्रामुख्याने रंगमंचावरील नट अशीच राहिली.

नामावलीतील क्रम

नाटक, चित्रपट वा दूरचित्रवाणी मालिका यांत कलावंतांची नावे कोणत्या क्रमाने द्यायची, याला व्यावसायिक महत्त्व असते. क्रम ठरवताना साधारणपणे भूमिकेचे महत्त्व, कलावंताची ज्येष्ठता, त्याची लोकप्रियता आणि त्याच्याशी झालेला करार यांचा विचार होतो. हे निकष एकमेकांशी जुळतातच असे नाही. मुख्य भूमिका नवोदिताची आणि छोटी भूमिका नामवंताची असली की पेच पडतो.

हा पेच सोडवण्याच्या काही रूढ पद्धती आहेत. नावे वर्णानुक्रमे देणे किंवा रंगमंचावरील प्रवेशाच्या क्रमाने देणे या त्यांतील सर्वांत तटस्थ पद्धती होत. दोन समान योग्यतेचे कलावंत असल्यास एकाचे नाव डावीकडे पण खाली आणि दुसऱ्याचे उजवीकडे पण वर, अशी तिरपी मांडणीही केली जाते. 'द टॉवरिंग इन्फर्नो' (१९७४) या अमेरिकी चित्रपटाच्या जाहिरातीत स्टीव्ह मॅक्वीन व पॉल न्यूमन यांची नावे अशीच दिली होती. डावीकडून वाचणाऱ्याला मॅक्वीन पहिला वाटे आणि वरून खाली वाचणाऱ्याला न्यूमन.

आणखी एक पद्धत म्हणजे शेवटचे स्थान राखून ठेवणे. सर्व नावे झाल्यावर किंचित थांबून, 'आणि' म्हणून एकच नाव देणे. 'लीव्ह इट टू बीव्हर' (१९५७–१९६३) या अमेरिकी मालिकेत मध्यवर्ती भूमिका लहान मुलाची होती. आई-वडिलांच्या भूमिकांतील प्रौढ नटांची नावे आधी येत आणि बालनट जेरी मॅथर्सचे नाव 'आणि'नंतर शेवटी, पात्राच्या नावासह येई. हिंदी चित्रपटांत प्राण यांचे नाव असेच शेवटी येत असे. बनी रूबेन यांनी लिहिलेल्या त्यांच्या इंग्रजी चरित्राचे शीर्षकही त्यावरूनच घेतलेले आहे.

मालिकांत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण मालिका महिनोन् महिने चालते. मधेच एखादे पात्र निघून जाते, नवे येते, तर एखादे दुय्यम पात्र लोकप्रिय होऊन मुख्य पात्राला मागे टाकते. सुरुवातीला ठरलेला क्रम त्यामुळे पुढे अपुरा पडतो. शेवटची राखीव जागा हा अशा वेळी सोयीचा मार्ग ठरतो, कारण तीत पहिल्या नावाचा मान न हिरावता दुसऱ्याला मान देता येतो.

'आणि'नंतरचे नाव

मराठी व्यावसायिक नाटकाची जाहिरात ही वृत्तपत्रातील एक छोटी चौकट असते. तीत संस्था, नाटकाचे नाव, लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, संगीत, प्रकाशयोजना, कलावंत, नाट्यगृह, वार व वेळ इतके सर्व बसवायचे असते. प्रयोगाच्या वेळी तिसऱ्या घंटेनंतर होणाऱ्या उद्घोषणेतही हीच नावे ऐकवली जातात. छापील चौकटीत नावाचे स्थान डोळ्यांना दिसते आणि उद्घोषणेत ते कानांना जाणवते. उद्घोषणेनंतर लगेच पडदा उघडत असल्याने शेवटी उच्चारलेले नाव प्रेक्षकांच्या मनात सर्वांत ताजे राहते.

घाणेकरांच्या बाबतीत हेच घडले. ज्येष्ठ नटांना त्यांच्या मानाप्रमाणे आधीची स्थाने मिळाली आणि प्रेक्षक ज्या नावाची वाट पाहत असत ते नाव शेवटी, 'आणि'नंतर येऊ लागले. व्याकरणदृष्ट्या 'आणि' हे दोन समान पदांना जोडणारे उभयान्वयी अव्यय आहे. या जाहिरातींत मात्र ते जोडण्यापेक्षा वेगळे काढण्याचे काम करत होते. आधीची सर्व नावे एका बाजूला आणि हे एक नाव दुसऱ्या बाजूला, असा त्याचा अर्थ प्रेक्षक लावत. ही पद्धत घाणेकरांच्या नावाशी इतकी एकरूप झाली की नंतर कोणत्याही मराठी नामावलीत शेवटच्या नावाआधी 'आणि' आले की त्यांचे स्मरण होते.

या मानाची दुसरी बाजूही होती. नाटक ही सांघिक कला आहे आणि जाहिरातीतील नावांची एकसलग ओळ हे त्या संघभावनेचे एक लहानसे चिन्ह असते. एकाच नावावर प्रयोग विकला जाऊ लागला की संपूर्ण प्रयोगाचा भार त्या एका व्यक्तीच्या प्रकृतीवर, मनःस्थितीवर व वेळेवर येण्यावर पडतो. लेखकाचे शब्द, सहकलावंतांची मेहनत आणि निर्मात्याचे भांडवल यांचे भवितव्य मग तीच व्यक्ती ठरवते. घाणेकरांच्या कारकिर्दीत या दोन्ही बाजू दिसून आल्या.

उत्तरकाळ

१९७० च्या सुमारास मराठी रंगभूमीवरील अभिनयाची अभिरुची बदलू लागली. वैद्यकीय व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आलेल्या श्रीराम लागूंनी १९७० साली वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट'मध्ये गणपतराव बेलवलकरांची भूमिका केली. ज्या गोवा हिंदू असोसिएशनने घाणेकरांचा संभाजी रंगमंचावर आणला होता, तिनेच हे नाटक सादर केले. ज्या कानेटकरांनी संभाजी व लाल्या लिहिले, त्यांच्याच 'हिमालयाची सावली' (१९७२) या नाटकात नायकाची भूमिका लागूंनी केली. पात्राच्या अंतरंगातून उलगडत जाणारा संयत अभिनय आणि प्रेक्षकांना थेट भिडणारा आवेशपूर्ण अभिनय अशी तुलना सुरू झाली. घाणेकरांची शैली दुसऱ्या प्रकारची होती. तिचा चाहतावर्ग टिकून राहिला, पण समीक्षकांचा कल पहिल्या प्रकाराकडे झुकत गेला.

मद्यपान व त्यातून आलेली बेशिस्त यांचाही घाणेकरांच्या कारकिर्दीवर परिणाम झाला. प्रयोगांवर आणि सहकाऱ्यांशी असलेल्या संबंधांवर त्याचा ताण पडला. तरीही अखेरच्या वर्षांपर्यंत ते रंगमंचावर उभे राहत होते आणि त्यांच्या प्रवेशाला मिळणारी दाद कमी झाली नव्हती.

वैयक्तिक जीवन

घाणेकरांचा पहिला विवाह स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इरावती भिडे यांच्याशी झाला. पुढे हा विवाह संपुष्टात आला. त्यांचा दुसरा विवाह ज्येष्ठ अभिनेत्री सुलोचना लाटकर यांच्या कन्या कांचन यांच्याशी झाला. कांचन घाणेकर यांनी पतीच्या सहवासाच्या आठवणी 'नाथ हा माझा' या पुस्तकात लिहिल्या. घाणेकरांचे यश, त्यांचा हळवेपणा व त्यांचे व्यसन या सर्वांविषयी या पुस्तकात मोकळेपणाने लिहिलेले असल्याने त्यांच्या चरित्राचे ते एक महत्त्वाचे साधन मानले जाते.

मृत्यू

नाट्यप्रयोगांच्या दौऱ्यावर असताना २ मार्च १९८६ रोजी अमरावती येथे घाणेकरांचे निधन झाले. त्यावेळी त्यांनी वयाची साठीही गाठली नव्हती.

स्मृती

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

१९६० च्या दशकात, घाणेकरांच्या नावाचा दबदबा वाढत होता तेव्हा, मुंबईतील व्यावसायिक नाटकाचे मुख्य केंद्र दादर-गिरगाव परिसरात होते. दादरचे शिवाजी मंदिर १९६५ साली सुरू झाले. ठाणे, डोंबिवली व कल्याण येथे मराठी मध्यमवर्गाची वस्ती वाढत गेली तसा नाटकाचा प्रेक्षकही मध्य रेल्वेच्या मार्गाने पूर्वेकडे व उत्तरेकडे सरकला. ठाण्यात मासुंदा तलावाकाठी १९७८ साली राम गणेश गडकरी रंगायतन उभे राहिले. पुढे कल्याण येथे आचार्य अत्रे रंगमंदिर व डोंबिवली येथे सावित्रीबाई फुले यांच्या नावाचे नाट्यगृह झाले. ठाणे महानगरपालिकेने घोडबंदर रस्त्याकडील हिरानंदानी मेडोज भागात बांधलेल्या शहरातील दुसऱ्या मोठ्या नाट्यगृहाला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह असे नाव देण्यात आले.

त्यामुळे ठाणे शहरातील एक प्रमुख नाट्यगृह नाटककाराच्या आणि दुसरे नटाच्या नावाने ओळखले जाते. योगायोगाने संभाजी हा या दोघांनाही जोडणारा दुवा आहे. गडकऱ्यांनी तो 'राजसंन्यास'मध्ये लिहिला आणि घाणेकरांनी तो कानेटकरांच्या नाटकांतून उभा केला. घोडबंदर रस्त्याच्या परिसरात आज अनेक मराठी मालिकांचे चित्रीकरण होते. या मालिकांत काम करणारे अनेक कलावंत नाटकांचे प्रयोगही करत असल्याने परिसरातील नाट्यगृहांच्या जाहिरातींत मालिकांमुळे ओळखीची झालेली नावे ठळकपणे छापली जातात. कोणाचे नाव आधी, कोणाचे शेवटी, हा प्रश्न तेथेही कायम आहे.

चित्रपट व पुनरुज्जीवन

'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' हा अभिजीत शिरीष देशपांडे दिग्दर्शित मराठी चित्रपट नोव्हेंबर २०१८ मध्ये दिवाळीत प्रदर्शित झाला. घाणेकरांची भूमिका सुबोध भावे यांनी केली. सुमीत राघवन यांनी श्रीराम लागू, प्रसाद ओक यांनी प्रभाकर पणशीकर, सोनाली कुलकर्णी यांनी सुलोचना आणि वैदेही परशुरामी यांनी कांचन यांच्या भूमिका केल्या. या चित्रपटामुळे घाणेकरांचा एकही प्रयोग न पाहिलेल्या पिढीला त्यांचे नाव परिचित झाले.

'अश्रूंची झाली फुले' हे नाटक २०१९ साली नव्या संचात पुन्हा रंगमंचावर आले. त्यात लाल्याची भूमिका सुबोध भावे यांनी, तर विद्यानंदांची भूमिका शैलेश दातार यांनी केली. त्याआधी रमेश भाटकर यांनीही लाल्या साकारला होता. रंगमंचावरील अभिनय प्रयोगाबरोबर संपतो आणि घाणेकरांचा लाल्या पाहिलेले प्रेक्षकही आता थोडे उरले आहेत. तरीही ही भूमिका करणाऱ्या प्रत्येक नटाची तुलना आजही त्यांच्याशी होते.

प्रमुख नाटके व भूमिका

रायगडाला जेव्हा जाग येते – संभाजी
अश्रूंची झाली फुले – लाल्या
इथे ओशाळला मृत्यू – संभाजी
गारंबीचा बापू – बापू
आनंदी गोपाळ – गोपाळराव
तुझे आहे तुजपाशी – श्याम
गुंतता हृदय हे

निवडक चित्रपट

मराठा तितुका मेळवावा (१९६४)
पाठलाग (१९६४)
दादी माँ (हिंदी, १९६६)
मधुचंद्र (१९६७)
अभिलाषा (हिंदी, १९६८)
हा खेळ सावल्यांचा (१९७६)